मागून चालणाऱ्या मोरे सिस्टर

मोरे सिस्टर रुजू झाल्या त्याच आठवड्यात त्यांच्याविरुद्ध पहिली तक्रार माझ्या टेबलावर आली. तक्रार वॉचमनची होती. "नव्या सिस्टर पेशंटला अडवत न्हाईत. नुसत्या मागनं फिरतात." मी खिडकीतून पाहिलं तर खरंच एक आजोबा बागेतून तरातरा चालले होते आणि त्यांच्या मागे वीसेक पावलांवर मोरे सिस्टर. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, मान थोडी पुढे. आजोबा थांबले की त्या थांबत. ते वळले की त्या जास्वंदीचं पान निरखत उभ्या राहत. मला वाटलं, बाई कामचुकार दिसतात.

मांडव्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचा वृद्धांचा आश्रम आहे. आश्रम हा शब्द ट्रस्टी लोकांना आवडत नाही, ते निवास म्हणतात. रविवारी बोटीनं मुंबईहून मुलं, सुना, जावई येतात, आईवडिलांबरोबर जेवतात आणि शेवटच्या बोटीनं परत जातात. निवासाच्या दोन बाजू. एक खुली. दुसरी, ज्यांची स्मृती गेली आहे त्यांच्यासाठी. तिच्या दारावर ‘स्मृती विभाग’ अशी सुबक पाटी आहे, पण आम्ही सगळे नुसतं ‘आत’ म्हणतो. आतल्या दाराला आकड्यांचं कुलूप आहे. आकडे ठाऊक असलेला माणूस बाहेर येतो, बाकीचे आतच राहतात. कोणाला आत हलवायचं असेल तर एक फॉर्म भरावा लागतो. त्यावर डॉक्टरांची, नातेवाइकांची आणि मुख्य सिस्टरची, म्हणजे आता मोरे सिस्टरांची, अशा तीन सह्या लागतात. ऑफिस मी सांभाळायचे, फॉर्म माझ्याकडे असत. म्हणून सिस्टर मला नावानं कधी हाक मारत नसत. "ऑफिस, इकडे या," म्हणत. मला आधी रागच यायचा, मग सवय झाली.

त्या माणगाव तालुक्यातल्या. तिकडच्या सरकारी दवाखान्यात जन्म काढला आणि निवृत्तीनंतर इकडे आल्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, केसांचा करकचून अंबाडा. चहा बिनसाखरेचा, पण त्याबरोबर चार बिस्किटं, आणि ती मोजली कोणी की चिडत. त्यांच्या खोलीत बुद्धाची वीतभर मूर्ती होती आणि तिच्यापुढे वाचायचा चष्मा ठेवलेला असे. वडील प्राथमिक शिक्षक, घराण्यात पहिले शिकलेले. "आमच्या आज्यानं आयुष्यभर अंगठे उठवले," त्या सांगत. "कशावर उठवले ते त्याला मरेपर्यंत कळलं न्हाय. म्हणून बापानं आम्हाला एकच शिस्त लावली. सही करायची तर वाचून, आणि वाचलेलं डोळ्यानं बघून." औषधाच्या पावतीवरसुद्धा त्या अशी सही करायच्या की बघणाऱ्याला वाटावं, बाई जमीन नावावर करून देताहेत. मागे लाइन लागायची आणि आम्ही सगळे उसासे टाकायचो.

आत हलवायच्या फॉर्मवर तर त्या तीन-तीन दिवस सही करत नसत. त्या माणसाच्या मागून चालत. मी एकदा विचारलं, की असं काय बघता? तर म्हणाल्या, "कुठं जातो, कशाला जातो आणि परत येतो का. फॉर्मवर नुसतं लिहितात, ‘भटकतो’. भटकतो म्हणजे काय? मी बाजारात गेले तर मला कोणी भटकली म्हणतं का?"

मुसाचाचांच्या वेळी मला त्यांची पहिल्यांदा किंमत कळली. चाचा आगरदांड्याचे, उभं आयुष्य सारंग म्हणून लाँच चालवण्यात काढलेलं. पत्ते खेळण्यात पटाईत, आणि लबाडीतही. हे चाचा एका आठवड्यात पार बदलले. छतावर मासे दिसायला लागले, मुलाला बाप म्हणायला लागले, जेवणाचं ताट ढकलून दिलं. डॉक्टरांनी फॉर्मवर सही केली, घाबरलेल्या मुलानंही केली. सिस्टर फॉर्म हातात घेऊन म्हणाल्या, "गेल्या बुधवारी हा माणूस मला लबाडी करून हरवत होता. स्मृती अशी आठ दिवसांत पळून जात न्हाय, ती हळूहळू जाते. अचानक गेली तर दुसरं काहीतरी झालंय." त्यांनी लघवी तपासायला पाठवली. जंतुसंसर्ग निघाला. दहा दिवस गोळ्या झाल्या आणि चाचा पुन्हा व्हरांड्यात पत्ते पिसत बसले. त्यांना आत घालणार होते हे कोणीतरी त्यांना सांगितलं. त्यांनी सिस्टरांकडे बघून एवढंच म्हटलं, "खुदा तुमचं भलं करो. आता बसा, तुमच्यावर रहम करणार नाही." आणि त्या डावातही लबाडी केली.

यावरून कोणाला वाटेल की सिस्टरांना कुलपाचा तिटकारा होता. तसं अजिबात नव्हतं. प्रधान सरांना त्यांनी हट्टानं आत नेलं. प्रधान सर निवृत्त मुख्याध्यापक. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं इतकं मिठ्ठास की नव्या आलेल्या पाहुण्यांना ते ट्रस्टी वाटायचे. सिस्टर मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत असत. एकदा जेवणानंतर त्यांनी मला मुद्दाम शेजारी उभं केलं आणि विचारलं, "सर, जेवलात का?" सर हसून म्हणाले, "तुम्ही जेवलात का?" "आज भाजी कोणती होती, सर?" "तुम्हाला कोणती आवडते?" आम्ही सगळे याला सौजन्य समजत होतो. सिस्टर हळूच मला म्हणाल्या, "गेले पंधरा दिवस ह्यांनी एका प्रश्नाचं उत्तर दिलेलं न्हाय."

मग कळलं की सर दोनदा फाटकाबाहेर जाऊन हमरस्त्यावर पोचले होते. वॉचमननंच फाटक उघडून दिलं होतं, वर सलामही ठोकला होता. एकदा तर त्यानं सरांना रिक्षा हवी का म्हणून विचारलं. सरांची मुलगी रविवारच्या बोटीनं तणतणत आली. "माझ्या बाबांना तुम्ही वेड्यांत ठेवणार?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "वेडा कोणीच न्हाय, बाय. तुझे बाबा सभ्य आहेत, म्हणून कोणी त्यांना अडवत न्हाय. तेच धोक्याचं आहे." मुलगी दोन दिवस राहिली, वडिलांच्या मागून चालली आणि रडत सही केली. आत गेल्यावर सरांनी तिसऱ्या दिवसापासून सकाळी हजेरी घ्यायला सुरुवात केली. समोरची मंडळीही झकास "हजर" म्हणायची. हजेरीत रोज वेगळी नावं असत, पण त्यानं कोणाचं काही अडलं नाही.

अशा बाईंच्या हातून चूक झाली ती जनाबाईच्या बाबतीत.

जनाबाई आगरी, धरमतर खाडीकाठच्या खारपट्ट्यातली. मुलगा दत्ताराम नवी मुंबईत एका कंपनीत नोकरीला. त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून ती रोज उठून खाली जायची, म्हणून त्यानं तिला आमच्याकडे आणलं. इथेही तेच सुरू झालं. दिवसातून एकदा ती उठायची आणि मागच्या कुंपणाकडे निघायची. अडवलं की ओरबाडायची. आठ दिवसांत चार जणींचे हात ओरबाडले गेले. रजिस्टरमध्ये नोंद पडली: ‘भटकते, वेळ निश्चित नाही, हिंसक.’ त्या आठवड्यात दोन नर्सा रजेवर होत्या, तीन नवे लोक दाखल झाले होते, आणि ट्रस्टी तपासणीला यायचे होते. मी कागदांचा गठ्ठा पुढे केला आणि सिस्टरांनी एकामागून एक सह्या केल्या. त्यात जनाबाईचा फॉर्म होता. त्या तिच्या मागून एकदाही चाललेल्या नव्हत्या.

आत जनाबाई दिवसभर गप्प बसून असे. फक्त रोज एकदा उठून दारावर दोन्ही तळव्यांनी थापा मारायची. तासभर मारायची. मग आपोआप थांबायची, पाणी प्यायची आणि जेवायची. आतल्या नोंदीत लिहिलं जाई, ‘कारण नसताना दारावर आपटते.’ पंधराएक दिवसांनी सिस्टरांनी फेरीत तिचे तळवे पाहिले. लाल झालेले, सालपटं निघालेली. "कारण नसताना? कोणी विचारलं तिला?" त्यांनी फाईल मागवली. फाईलमध्ये स्वतःची सही बघितली आणि त्या माझ्या समोरच्या खुर्चीवर मटकन बसल्या. सहीवर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "ऑफिस, मी अंगठा उठवला हो."

मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण गठ्ठा मीच पुढे केला होता.

त्या दिवसापासून त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जनाबाईच्या थापांची वेळ लिहायला सुरुवात केली. आठवड्यानं ते पान माझ्यापुढे ठेवलं. पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊ. दुसऱ्या दिवशी सव्वादहा. मग अकराला पाच कमी. मग पावणेबारा. "काय दिसतं?" "रोज उशीर होतोय," मी म्हटलं. "तेवढं मलाही दिसतंय. रोज पाऊण-एक तास. कशानं?" आम्ही दोघी त्या पानाच्या नादीच लागलो. मी म्हटलं, गोळ्यांची वेळ बदलत असेल. नव्हती. सिस्टरांना वाटलं कुकरच्या शिट्टीचा संबंध असेल, म्हणून त्या दोन दिवस स्वयंपाकघरात घड्याळ लावून बसल्या, आचारी वैतागला. टीव्हीवरची मालिका, उन्हाची तिरीप, लाइट जाणं, सगळं तपासून झालं. डॉक्टर पुण्याचे, त्यांनी हसून सोडून दिलं. सिस्टर जेवतानासुद्धा ते पान शेजारी ठेवत.

उत्तर आलं ते फाटकावरच्या मच्छीवालीकडून. पार्वतीबाय पाटी घेऊन यायची. सिस्टरांनी तिच्याकडून बोंबील घेतले आणि सहज म्हणाल्या, "उद्या याच वेळेला ये, मी खाली असते."

"याच टायमाला कशी येन?" पार्वतीबाय म्हणाली. "उद्या पानी पाऊन तास उशिरा. होरी धक्क्याला पान्याबरोबर लागतंय, तुमच्या घड्याळाबरोबर न्हाय."

सिस्टर बोंबील तिथेच टाकून ऑफिसात आल्या. त्या माणगावच्या, मी पनवेलची, डॉक्टर पुण्याचे, ट्रस्टी मुंबईचे. सुरूच्या झाडांपलीकडे तीनशे पावलांवर खाडी भरत होती, ओसरत होती, आणि आम्ही शिकलेसवरलेले सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो होतो. जनाबाईला आतून पाणी दिसतही नव्हतं. तिला भरती कशी कळायची हे मला आजही कळलेलं नाही. सिस्टरांनाही कळलं नाही. त्या म्हणायच्या, वाऱ्यानं कळत असेल, नाहीतर हाडांत असेल.

दुसऱ्या दिवशी पहिली थाप पडली तेव्हा सिस्टरांनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या. जनाबाई बाहेर पडली. वीस पावलांवर सिस्टर, त्यांच्या मागे मी. फाटकाकडे, रस्त्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. ती सरळ मागच्या कुंपणापाशी गेली. तिथे बागेचं पाणी खाडीत जायला सिमेंटची नाली आहे आणि उधाणाचं पाणी आत येऊ नये म्हणून माळ्यानं एक फळी ठेवलेली असते. फळीच्या पलीकडे पाणी वर येत होतं. जनाबाईनं लुगडं खोचलं, फळी खाचेत बसवली, चिखलाचे गोळे करून फटी लिंपल्या आणि टाचेनं दाबल्या. मग उकिडवी बसून पाणी फळीला टेकेपर्यंत वाट बघितली. टेकल्यावर हात धुतले आणि आमच्या दिशेनं परत निघाली.

"आजी, काय केलंत?" सिस्टरांनी विचारलं.

"उघारीला फली लावली. दुसरा काय करनार? खारा पानी शेतान शिरला त तीन वरसं भात व्हनार न्हाय. गावाची उघारी आमचे घराकडं हाय."

खारपट्ट्यात शेतं भरतीच्या पातळीखाली असतात. बांध घालून समुद्र अडवायचा आणि पावसाचं पाणी ओहोटीला बांधातल्या दारातून, म्हणजे उघाडीतून, बाहेर सोडायचं. भरतीआधी उघाडीला फळी लावायची. ती लावायचं काम जनाबाईच्या घराकडे होतं, आणि नवरा गेल्यावर ते तिनं एकटीनं केलं. एक भरती चुकली की अख्ख्या गावाचं भात गेलं. हे सगळं तिच्या डोक्यात शाबूत होतं. मुलाला मुलं किती, हे मात्र आठवत नव्हतं.

"तिला बाहेर आणू या," सिस्टर म्हणाल्या. ट्रस्टी नाही म्हणाले. खाडीत पडली तर जबाबदार कोण? दत्तारामही नाही म्हणाला. "आत सुरक्षित हाय ना? मग राहू दे, सिस्टर. मला टेन्शन नको." सिस्टर त्याला म्हणाल्या, "सही करू नका. फक्त एकदा मागून चला. परवा दुपारी सव्वा वाजता या. उशीर करू नका, ती तुमच्यासाठी थांबणार न्हाय."

तो आला. बूट घालून, मोबाइल हातात घेऊन आईच्या मागून चालला. ती फळीशी वाकली तेव्हा तो थांबला. मोबाइल खिशात टाकला. मग त्यानं बूट काढले, पँट वर दुमडली आणि नालीत उतरून चिखल लावायला बसला.

"आये, फली बसली का नीट?"

जनाबाईनं त्याच्याकडे बघितलं. "तू आज शालंत न्हाय गेलास?"

"सुट्टी हाय आज," दत्ताराम म्हणाला.

ऑफिसात येऊन त्यानं चिखलाच्या हातानंच पेन घेतलं. "आमच्याकडे असताना ती रोज जिना उतरायची," तो म्हणाला. "बायकोला वाटायचं, आमच्यावर राग हाय. आम्ही त्यावरून भांडायचो. मी त्याच गावचा, सिस्टर, मला तरी कळायला पायजे होतं." आईला बाहेर आणायच्या फॉर्मवर त्यानं सही केली. सिस्टरांनी फॉर्म दोनदा वाचला आणि आपली केली. जबाबदारी मुलानं घेतली म्हटल्यावर ट्रस्टींचीही हरकत उरली नाही. नर्सांच्या खोलीत औषधांच्या तक्त्याशेजारी भरतीचा तक्ता लागला. त्या वेळेला एक मावशी जनाबाईबरोबर जायची. ओरबाडणं बंद झालं. सिस्टर पार्वतीबायकडून तिथीवरून भरती काढायला शिकल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, विचारलं नसतानाही, सांगू लागल्या. अमावस्या-पुनवेला दुपारी बाराच्या सुमारास, तिथून रोज पाऊण तास पुढे. आम्हाला नंतर नंतर कंटाळा आला.

असं अकरा महिने चाललं.

सिस्टर आता आमच्याकडे नाहीत, गुडघे गेले म्हणून माणगावला लेकीकडे राहतात. फोनवर अजून ‘ऑफिस’च म्हणतात. पण त्या मला आठवतात त्या एकाच दुपारच्या. त्याआधी तीन दिवस जनाबाई अवेळी बाहेर पडत होती. पहिल्या दिवशी ती ओहोटीला निघाली. सिस्टर मागून गेल्या. जनाबाई नालीवरून गेली, फळीकडे बघितलं नाही, आणि फाटकातून रस्त्यावर जाऊन रिक्षांच्या मध्ये उभी राहिली. दुसऱ्या दिवशी भरतीला बसून राहिली आणि संध्याकाळी निघाली. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी तिला एसटीच्या पुढून ओढून आणलं. चौथ्या दिवशी सकाळी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "फॉर्म भरा. आत."

मी भांडले. म्हटलं, तुम्हीच तिला बाहेर काढलंत, एवढा वाद घातलात, थोडे दिवस थांबू या.

"तेव्हा ती पाण्याच्या वेळेनं जात होती," सिस्टर म्हणाल्या. "आता कशाच्याच वेळेनं जात न्हाय. मी माझ्या हट्टापायी तिला गाडीखाली घालू?" डॉक्टरांची सही झाली, दत्तारामनं बोटीवरून उतरल्या उतरल्या केली. सिस्टरांनी वाचून सही केली, पण फॉर्म मला दिला नाही. घडी करून खिशात ठेवला. "आज भरती एकला हाय. मी तिला साडेबाराला आत नेते. तिनं दारावर एक थाप मारली तरी हा कागद फाडून टाकीन."

मी काचेतून बघत होते. दार बंद झालं. सिस्टर आणि जनाबाई दाराजवळच्या बाकावर शेजारी बसल्या. पलीकडे प्रधान सर सकाळची हजेरी पुन्हा घेत होते. जनाबाई पदराचा काठ बोटांनी चाचपत होती. एक वाजला. सिस्टर सारख्या दाराकडे बघत होत्या, जनाबाई एकदाही बघत नव्हती. सव्वा वाजता सिस्टरांनी तिचा तळवा हातात घेतला आणि उठून, हात लांब करून, दारावर टेकवला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. जनाबाईनं तो हळूच सोडवून घेतला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. सिस्टरांचा चेहरा मला दिसत होता. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दीडला त्या बाहेर आल्या, कागद माझ्या हातात दिला, "फाईलला लावा," म्हणाल्या. मग आकडे दाबून पुन्हा आत गेल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या.